काठावरचं मांजर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही फिशिंग कॅटवर, म्हणजे मासेमार मांजरावर, एक टिपण छापलं होतं. हे मांजर वाचवायचं तर दलदल आणि पाणकणसाची (काठच्या उंच पाणगवताची) बेटं राखावी लागतात, म्हणून ते पाणथळ जागांचं राखणदार ठरतं, असा त्याचा सूर होता, आणि ते सांगली-साताऱ्याकडे आढळत नाही असंही त्यात म्हटलं होतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. नावं वगळली आहेत, गावं ठेवली आहेत.

भिलवडीजवळ आमच्या मळीच्या रानात नदीकाठी पाणमांजरं दिसतात. मग तुम्ही मासेमार मांजर इकडे नाही असं कसं लिहिलं?

हा घोटाळा नावाचा आहे. आपल्याकडे ज्याला पाणमांजर किंवा ऊद म्हणतात ते मांजरच नव्हे. ते मुंगसाच्या जवळपास वाटणारं, चपट्या डोक्याचं, जाड शेपटीचं, टोळीनं पोहणारं जनावर आहे. त्यात भर म्हणजे उदमांजर हे तिसरंच जनावर. ते झाडावर चढतं, फळं खातं आणि कधीकधी कौलावर धुडगूस घालतं. नावात मांजर आहे म्हणून तिघांना एका दावणीला बांधू नका.

मासेमार मांजर हे खरंखुरं मांजर. अंग राखाडी-शेवाळी, त्यावर काळ्या ठिपक्यांच्या लांबट रांगा, कान आखूड व गोल, शेपूट आखूड. मोठा बोका दहा-बारा किलोंच्या पुढेही जातो, म्हणजे घरच्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट. बोटांमध्ये थोडं कातडं असतं आणि नखं पूर्ण आत ओढली जात नाहीत, टोकं बाहेर राहतात. अंगाला लागून दाट आखूड लोकर आणि वरून राठ केस असल्यानं पाण्यात शिरलं तरी कातडीपर्यंत ओल पोचत नाही. भारतात ते सुंदरबन, तराई, चिल्का आणि आंध्रचा किनारा इथे आहे. महाराष्ट्रात त्याची पक्की नोंद नाही.

भिलवडीच्या गाळात तुम्हाला ठसा मिळाला तर बोटं मोजा. पाच बोटं आणि मध्ये पडद्याची पुसट रेघ असेल तर पाणमांजर. चार बोटं, गोल ठसा, नखं नाहीत तर मांजरकुळातलं. चार बोटं आणि नखं उठलेली तर बहुधा कुत्रा किंवा कोल्हा. पाणमांजराची विष्ठा एकाच दगडावर पुन्हा पुन्हा पडलेली असते, माशांच्या खवल्यांनी चमकते आणि वास लांबूनच येतो. कृष्णेत ते अजून टिकून आहे ही बातमी मासेमार मांजराच्या बातमीपेक्षा लहान नाही.

इकडे ते मांजर नाहीच, तर सांगलीकरांनी त्याचं काय करायचं? (एक शिक्षिका, इस्लामपूर)

ताई, प्रश्न रास्त आहे. उत्तर नदीच्या दोन टोकांना आहे.

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते. तिथल्या खारफुटीत, कृष्णा अभयारण्यात, मासेमार मांजर आहे. कराडच्या प्रीतिसंगमावरून, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरून, जे पाणी आणि जो गाळ खाली जातो त्यावर ती खारफुटी उभी आहे. वाटेत धरणांनी गाळ अडवला, त्यामुळे मुखाशी पोचणारा गाळ फार घटला. कोयनेचं पाणी तर पश्चिमेला वळवून कोकणात पोफळीकडे उतरवतो. कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढी मुभा दिलेली आहे. त्यावर वीज चालते, म्हणून ते बंद करा असं म्हणणं बाळबोध होईल. पण नदीमुखाची खारफुटी खचते आणि उरलेल्या जागेत कोळंबीची तळी खोदली जातात, तेव्हा त्या मांजराची जागा दोन्हीकडून आक्रसते, एवढं तरी इथे ठाऊक हवं.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. या मांजराचं बहुतेक वस्तीस्थान अभयारण्याबाहेर, लोकांच्या खासगी जमिनीत आहे. पश्चिम बंगालनं २०१२ साली त्याला राज्यप्राणी केलं. तिथे त्याला बाघरोल म्हणतात, आणि हावडा जिल्ह्यातली त्याची दलदल गावकऱ्यांच्या तळ्यांना आणि बोरूच्या बेटांना लागून आहे. चिल्का सरोवरात २०२२ साली गणती झाली, आकडा १७६ आला. तीही संरक्षित जंगलाबाहेरची मोजणी होती आणि स्थानिक मच्छिमार त्यात सामील होते. यातून आपल्या उपयोगाची पद्धत मिळते. कोणत्याही पाणथळीचा विचार पाण्यापासून न करता काठापासून करायचा. आपण तळं टीएमसीत मोजतो, पण मांजर खोल पाण्यात राहत नाही. त्याला गुडघाभर पाणी, दाट पाणकणीस आणि दिवसा निजायला कोरडी जागा लागते. हाच काठ आपल्याकडे रानमांजराला लागतो. आपल्या भागात त्याला बाऊलही म्हणतात. पाय लांब, अंग भुरकट, कानाच्या टोकाला काळे केस, शेपटीच्या टोकाला काळी वलयं. इंग्रजीत नाव जंगल कॅट असलं तरी दाट जंगल त्याला नकोच असतं. लव्हाळा, पाणकणीस, ऊस हीच त्याची आवडती ठिकाणं.

ग्रामपंचायतीनं तलावातला गाळ काढायचं ठरवलं आहे. पाणथळ बिघडणार नाही असं काम कसं करावं? (खटाव तालुका)

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना वाईट नाही. बिघडतं ते खोदण्याच्या पद्धतीत. पोकलेन चालवणाऱ्याचं काम तासावर आणि डंपरचं काम फेऱ्यांवर चालतं. गाळ सर्वांत सोयीचा कुठे? जिथे डंपर उभा राहतो तिथे, म्हणजे काठाला. मग काठ सरळ उभा कापला जातो. उतरता किनारा जाऊन सात-आठ फुटांची भिंत तयार होते. पुढच्या पावसाळ्यात पाणी जास्त साठलेलं दिसतं, गाव खूष होतं, आणि ऑक्टोबरात कळतं की चिखलपायांना (उथळ चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना) उभं राहायला जागा नाही, लव्हाळा नाही, आणि पाणी प्यायला उतरलेली शेळी वर येऊ शकत नाही.

काम सुरू होण्याआधी तलावाच्या नकाशावर तीन पट्टे आखून घ्या आणि चुन्यानं जमिनीवर खुणा करा. तोंडी सांगितलेलं पहिल्या दुपारपर्यंतच टिकतं.

पहिला पट्टा भिंतीचा. भिंतीच्या पायथ्याशी खोदायचं नाही. किती अंतर सोडायचं ते जलसंधारणाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. दुसरा पट्टा मधला, खोल. खरा गाळ इथूनच उचलायचा, आणि तोही मुरूम लागेपर्यंतच. मुरूम फोडला की तलाव गळतो. खोली वाढवून साठा घटवलेले तलाव कमी नाहीत. वाळू लागली तर तिला हात लावायचा नाही, योजनेतच मनाई आहे. तिसरा पट्टा पाणी येतं त्या बाजूचा, ओढ्याच्या मुखाकडचा उथळ भाग. तलावाच्या घेराचा निदान तिसरा हिस्सा असा राखा. तिथे उतार दहा फुटांना एक फूट किंवा त्याहूनही सौम्य हवा. पाणकणसाचा पट्टा मधे न तोडता सलग दहा-पंधरा मीटर रुंद ठेवा. तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेलं पाणकणीस दिसायला हिरवं दिसतं, पण मांजराला त्यातून लपून जाता येत नाही.

ओढ्याच्या मुखाचं पाणकणीस गाळ अडवतं हेही लक्षात घ्या. ते उपटलं तर जो गाळ काढायला पैसे घातले तोच दोन पावसाळ्यांत परत मधल्या खड्ड्यात.

सगळा तलाव एकाच उन्हाळ्यात उकरू नका, यंदा अर्धा आणि पुढच्या वर्षी अर्धा. एप्रिल-मेमध्ये उघड्या पडलेल्या तळावर टिटवीची अंडी असतात. रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी एका माणसानं तो भाग पायी फिरून घ्यावा आणि अंडी दिसली तिथे चार दगड रंगवून ठेवावेत. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नका, पहिल्या वळवालाच तो परत तलावात जातो. त्याच दिवशी शेतात न्या, आणि न्यायच्या आधी क्षारांची तपासणी करा.

गाळपेरीचा मुद्दा अवघड आहे. पाणी ओसरेल तसतशी पेरणी थेट पाण्याला भिडवली जाते. पूर्ण बंद करा म्हटलं तर भांडण होईल. पाण्याच्या कडेपासून वीस-पंचवीस पावलं पड ठेवायची आणि त्या पट्ट्यात औषध फवारायचं नाही, एवढ्यावर गावं तयार होतात असा आमचा अंदाज आहे.

जलपर्णी मात्र काढाच. तिची आणि पाणकणसाची गल्लत नको. पाणकणीस तळात रुजून उभं राहतं, जलपर्णी तरंगते. ती फुलण्याआधी हातानं ओढून पूररेषेच्या वर टाकावी. यंत्रानं चिरली तर तुकड्यातुकड्याचं नवं रोप होतं.

आमच्या गावच्या तळ्याला कायद्याचं संरक्षण मिळेल का? (मिरज)

तळं कसलं यावर अवलंबून. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम चांगले आहेत. भराव, अतिक्रमण, कचरा, सांडपाणी यांना बंदी, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही. पण नदीपात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यातून वगळलेले आहेत. आपल्या दुष्काळी पट्ट्यातली बरीच तळी सिंचनाची म्हणूनच बांधलेली. लोक पाणथळ म्हणून अर्ज करतात आणि तो इथेच परत येतो.

तेव्हा आधी सातबारा काढा. जमीन सरकारी असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र मागता येतं. खटाव तालुक्यातल्या मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव २०२१ साली याच वाटेनं गेला. त्याच्या समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. जमीन खासगी किंवा गावकीची असेल तर कलम ३६क, सामुदायिक राखीव क्षेत्र. त्यासाठी मालकानं स्वतः पुढे यावं लागतं. एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि राज्याची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, म्हणून भाऊबंदांच्या सह्या आधी घ्या, नंतर नव्हे.

अर्ज कोणताही असो, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत तळ्याची नोंद असली पाहिजे. वहीत रानमांजर, वाघाटी (अगदी लहान, ठिपक्यांचं रानटी मांजर), पाणमांजर यांच्या नोंदी तारीख, जागा आणि फोटोसह करा. “येथे विविध प्राणी आढळतात” या वाक्याला काही किंमत नाही.

ऊसतोडीत मांजराची पिल्लं सापडतात. बिबट्याची म्हणून घबराट होते. नेमकं काय करावं? (वाळवा)

तोडीआधीचं काम जास्त महत्त्वाचं. चारही बाजूंनी तोडत मध्ये उसाचं बेट उरवू नका. सगळं जनावर त्या बेटात कोंडलं जातं आणि शेवटच्या तासात कोयत्यासमोर येतं. तोड रस्त्याच्या बाजूनं सुरू करून ओढ्याच्या किंवा नदीच्या दिशेनं न्या. ओढ्याकडच्या शेवटच्या सात-आठ सऱ्या त्या दिवशी ठेवा, दुसऱ्या सकाळी तोडा. रात्रीत आई पिल्लं हलवते. मुकादमाशी हे गाडी लागण्याआधीच बोलून घ्या, फडात उभं राहून नव्हे.

पिल्लं दिसली तर हात लावू नका. बघून ओळख करा. अंगभर गुलाबासारखी काळी फुलं, पंजे अंगाच्या मानानं जाड: बिबट्या. सगळ्यांनी गप्प फडाबाहेर यायचं, आई जवळच असते. अंग मातकट आणि पुसट पट्टे: रानमांजर. मुठीएवढं पिल्लू, पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर रेघा: वाघाटी, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आसपास भरते. काही गावांत बिबटमांजरालाही वाघाटीच म्हणतात, म्हणून फोनवर नाव न सांगता वर्णन सांगा.

वनविभागाचा क्रमांक १९२६. ते येईपर्यंत पिल्लांभोवती पंधरा-वीस पावलांत तोड थांबवा आणि कुत्री लांब बांधा. गाईचं दूध पाजू नका. जुलाब लागतात आणि एवढंसं पिल्लू त्यातच जातं. आंघोळ नको, सेल्फी तर नकोच. पिल्लं शाळेत किंवा पंचायतीत आणून ठेवली की आईची भेट जवळजवळ संपते, कारण आई शोधायला येते ती सापडल्या जागीच.

वनविभागाचे लोक पिल्लं तपासून संध्याकाळी, अंधार पडण्याआधी, त्याच जागी हवेशीर क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसं हटवतात. आई क्रेट आडवा करून एकेक पिल्लू नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रयत्न होतो. गर्दी हे न येण्याचं सर्वांत साधं कारण.

तोड झाली की पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून सरीआड कुजवलं तर खोडव्याला खत होतं. हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं. तरी आग लागते, कारण काडीपेटी दोन रुपयांची आणि पाचट सारायला मजूर महाग. निदान बांधाकडची आणि ओढ्याकडची दहा फूट पट्टी तरी आगीतून वाचवा.

उंदरांसाठी ब्रोमाडिओलोन वापरणाऱ्यांना एक सूचना. उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त फिरतो. नेमका तोच रानमांजर धरतं आणि विष त्याच्या पोटात जातं. एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं. त्यालाच मारून पुन्हा औषध विकत आणायचं, हा हिशेब आम्हाला कळलेला नाही.

शेततळ्यात मेलेलं रानमांजर सापडलं. पोहता येत नाही का त्याला? (तासगाव)

पोहता येतं, चढता येत नाही. शेततळ्यातला ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की साबणासारखा. जनावर कडेनं फिरत राहतं आणि दमून बुडतं. काथ्याची जाळी किंवा जुन्या टायरच्या पट्ट्यांची शिडी, दीड-दोन फूट रुंद, चारही कोपऱ्यांत सोडा. बुडणारं जनावर कोपऱ्याकडेच येतं. वरचं टोक बांधाच्या बाहेर पहारीला बांधा, खालचं टोक उन्हाळ्यातल्या तळपातळीच्याही खाली जाऊ द्या. नेहमीची चूक इथेच होते. जाळी भरलेल्या तळ्याच्या मापानं बांधतात, आणि मार्चनंतर ती पाण्याच्या वर लोंबकळते. टोकाला वजन म्हणून वाळूचं पोतं बांधा, धारदार दगड नको, कागद फाटतो. कुंपणाची जाळी जमिनीत अर्धा फूट पुरा.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी नदीकाठी कॅमेरा ट्रॅप (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायचा आहे. (कराड)

खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी, जंगलात वनविभागाची. कॅमेरा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंच. बिबट्यासाठी लावतात त्या गुडघ्याच्या उंचीवर लावला तर मांजराची फक्त पाठ येते. वाटेपासून दोन-तीन मीटर दूर, तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगात जाणार नाही. समोरचं गवत कापा. नाही तर वाऱ्यानं हललेल्या पात्यांचे चार हजार फोटो मिळतील आणि तिसऱ्या दिवशी कार्ड भरेल. एका जागी निदान तीस रात्री. आमिष ठेवू नका. लावण्याआधी तारीख-वेळ तपासा, चुकीच्या तारखेचा फोटो नोंदवहीत घेता येत नाही. धरणातून पाणी सुटलं तर नदी एका रात्रीत चढते, म्हणून लावायची जागा काठाच्या वरच्या टप्प्यावर निवडा. आणि बायका पहाटे ज्या वाटेनं नदीला जातात तिथे कॅमेरा लावायचा नाही, कितीही ठसे असोत.

कॅमेरा परवडत नसेल तर ठशांचे साचे घ्या. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, एक भाग पाणी, ठशाभोवती पुठ्ठ्याचं कडं, अर्धा तास थांबणं. पाठीमागे तारीख आणि जागा ओलं असतानाच खिळ्यानं कोरा.

दोन-चार मासेमार मांजरं आणून मायणीला सोडली तर? (विटा)

नको. वन्यप्राणी पकडणं-हलवणं कायद्यानं आपल्या हातात नाही, हे एक. दुसरं, त्या मांजराला बारमाही दलदल लागते. खटाव-माणच्या तळ्यांचा तळ दुष्काळी वर्षात उघडा पडतो आणि मे महिन्यात भेगाळलेल्या गाळात धरायला मासा नसतो. तळ्याभोवती जे बाऊल आधीपासून फिरतं, त्याचं माशावाचून अडत नाही. त्याला उंदीर आणि दिवसा निजायला लव्हाळा पुरतो.